अर्ध्या तिकिटाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



गेल्या महिन्याच्या सभेत बसच्या अर्जावरून आपल्यात जो वाद झाला तो आपणां सर्वांना आठवत असेलच. अर्जाची पहिली तीन कलमे एकमताने मंजूर झाली. थांब्यावर निवारा आणि दिवा असावा, बसच्या वेळांची पाटी लावावी, आणि रात्रीची शेवटची बस साडेनऊनंतरची असावी. चौथ्या कलमाशी मात्र गाडी अडली. ते कलम घालण्याचा हट्ट माझा होता, म्हणून त्याची बाजूही मीच मांडावी असे अध्यक्षीणबाईंनी फर्मावले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण घरखर्चाची वही गेली बावीस वर्षे मी नेमाने लिहिते आहे, आणि आजचा विषय त्या वहीच्याच जातीचा आहे.

ज्या भगिनी त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी चौथे कलम पुन्हा वाचते. शहर बसवर काम करणारे चालक आणि वाहक, मग ते कोणाच्याही नावावर नोकरीला असोत, त्यांना ठरल्या तारखेस पूर्ण पगार, पगाराची चिठ्ठी, फंडाचा भरणा, आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह व बसायला जागा मिळते की नाही, हे महापालिकेने पाहावे. इतकेच ते कलम. त्यावर कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, “अगं, आपण बसमध्ये बसणाऱ्या. त्यांचा पगार बघायला त्यांची युनियन आहे. आपल्याला काय करायचंय?”

काकूंचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आपल्या सर्वांच्या पर्समध्ये असलेल्या अर्ध्या तिकिटापासून देते.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याआधी 26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्या वृद्धांना प्रवास मोफत झाला होता. या दोन गोष्टींनी आपल्या घरांत काय फरक पडला हे मी सांगायला नको. पैठणची एकादशी, वेरूळचा सोमवार, माहेरची जत्रा यांना आपण पूर्वी “बघू पुढच्या वर्षी” म्हणत होतो, आता निघतो. माझ्या सासूबाई तर वयाची पंच्याहत्तरी भरल्यावर आधार कार्ड पदराच्या गाठीला बांधूनच ठेवत. मुलीकडे दोन दिवस राहून येते म्हणून त्या एकट्या जालन्याला जाऊन आल्या, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस त्यांना कोणाचे बोलणे लागले नाही. आपल्याला कोणापाशी भाड्याचे पैसे मागावे लागत नाहीत, ही भावना काय असते ते बाईच्या जन्माला आल्याशिवाय कळायचे नाही.

आता हिशेब पाहा. समजा, एखाद्या गावचे तिकीट शंभर रुपये आहे. तुम्ही वाहकाच्या हातावर पन्नास ठेवलेत. गाडीला डिझेल लागते ते शंभराचेच. टायर शंभराचाच झिजतो. मग उरलेले पन्नास कोणी दिले? पुष्कळ जणींना वाटते की एसटीने सोडले. तसे नाही. ते सरकारने द्यायचे असतात. सवलतीची भरपाई म्हणून ती रक्कम सरकारी तिजोरीतून एसटी महामंडळाकडे यायची असते. म्हणजे आपले अर्धे तिकीट रोखीचे आणि अर्धे उधारीचे. उधारी आपल्या नावावर नाही, सरकारच्या नावावर आहे. पण वाण्याच्या दुकानात उधारी थकली की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. वाणी घाऊक व्यापाऱ्याचे पैसे थांबवीत नाही, विजेचे बिलही थांबवीत नाही. तो दुकानातल्या पोऱ्याला म्हणतो, “पुढच्या आठवड्यात बघू.”

एसटीत नेमके तेच झाले. मार्च 2025 चा पगार एप्रिलमध्ये व्हायचा होता, तेव्हा सरकारकडून भरपाईची पुरती रक्कम आली नाही, आणि राज्यभरच्या एसटी कर्मचाऱ्यांच्या हातात त्या वेळी 56 टक्केच पगार पडला. वर्तमानपत्रांत ते छापून आले होते. उरलेल्या रकमेसाठी ओरड झाली, सरकारने आश्वासन दिले, हे सगळे रीतीप्रमाणे झाले. पण ज्या महिन्यात आपण अर्ध्या तिकिटात फिरलो, त्या महिन्यात ज्याने आपल्याला तिकीट फाडून दिले त्याच्या घरात जवळजवळ अर्ध्याच पगाराचा किराणा भरला गेला. भगिनींनो, सवलत सरकारने जाहीर केली, कौतुक सरकारचे झाले, आणि तिचे पैसे काही दिवस तरी वाहकाच्या बायकोने आपल्या डब्यातून पुरवले. ती बाई आपल्यासारखीच कुठल्या तरी मंडळाची सभासद असेल.

मी सवलतीच्या विरुद्ध बोलते आहे असे कृपा करून कोणी समजू नये. सवलत हवी, अजून हवी. शेजारच्या कर्नाटकात 11 जून 2023 पासून तिथल्या बायकांना सरकारी बसमध्ये तिकीटच नाही, दिल्लीत ही सोय 2019 पासून आहे. पण कर्नाटकातही 5 ऑगस्ट 2025 रोजी परिवहन कर्मचारी संपावर गेले, आणि त्यांची एक मुख्य मागणी 38 महिन्यांच्या थकबाकीची होती. म्हणजे पाटावर वाढणाऱ्याला वाहवा आणि चुलीपाशी बसलेलीच्या ताटात शिळे, हा घराघरातला प्रकार सरकार-दरबारीही चालतो. त्यावर पंगतच मोडावी असे मी म्हणत नाही. चुलीपाशी काय शिजते ते उठून पाहावे, एवढेच म्हणते.

आता थोडे मागचे सांगते, कारण ही एसटी आकाशातून पडलेली नाही. पूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी असत. गाडी भरली की सुटायची, नाही भरली तर उन्हात बसून राहायचे, आणि भाडे मालक म्हणेल ते. हे मोडून काढण्यासाठी सरकारने स्वतः गाड्या चालवायला घेतल्या. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी गेली हे शाळेतली मुलेही सांगतात. पण आपल्या मराठवाड्यात सरकारी मोटार त्याही आधी आली होती. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम सरकारच्या रेल्वेनेच 1932 साली मोटारीचे खाते उघडले, ते 27 बस आणि 166 नोकरांवर. पुढे 17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो, 1956 मध्ये मुंबई राज्याला जोडले गेलो, आणि 1961 मध्ये महाराष्ट्राचे एकच मार्ग परिवहन महामंडळ झाले. निजामाचे सगळेच काही घेण्यासारखे नव्हते, रझाकारीच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आहेत. पण मोटार ही रयतेची सोय आहे, मालकाच्या मर्जीची नाही, एवढी गोष्ट त्या 27 गाड्यांनी दाखवून दिली हे मान्य करावे लागते.

त्याच 1961 साली दिल्लीच्या संसदेत मोटार कामगारांचा कायदा झाला. महामंडळ आणि कायदा एका सालचे, जुळे म्हणावे तसे. त्या कायद्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास काम ठरले. लांबच्या पल्ल्याला दहा तासांपर्यंत सूट होती. सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती, गणवेश, विश्रांतीची खोली, आणि जिथे शंभर माणसे कामाला असतील तिथे उपाहारगृह, असे सारे त्यात लिहिलेले होते. पुढे 2019 आणि 2020 साली केंद्र सरकारने कामगारांचे जुने कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, त्यांत हाही कायदा सामावला. कागदावर कामगाराला काही कमी नाही. पण रात्री खेड्यात मुक्कामाला गेलेली एसटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. गाडी पारापाशी उभी, आणि चालक-वाहक गाडीच्याच बाकड्यांवर किंवा देवळाच्या ओसरीत आडवे. पहाटे गाडी दूधवाल्यांना आणि शाळेच्या मुलींना घेऊन निघायची. आता कितीतरी मुली वाहक झाल्या आहेत, 2023 पासून एसटीत बायका चालकही झाल्या. त्यांनी ओसरीवर निजावे काय? आडोशाला कुठे जावे? आपल्या कलमातील स्वच्छतागृहाचा जो शब्द आहे, ज्याला त्या दिवशी काही जणी हसल्या, तो मी या मुलींसाठी घातला आहे. आठ तास पाणी न पिता काम करणारी बाई पुढे कोणत्या दुखण्याने बेजार होते हे येथे बसलेल्या शिक्षिका आणि नर्सबाईंना विचारावे.

संपाचेही बोलले पाहिजे, कारण त्या दिवशी खरा राग संपाचाच निघाला. “त्यांनी सहा महिने आपले हाल केले, आता आपण त्यांच्यासाठी अर्ज करायचा का?” असे एक वहिनी म्हणाल्या. सहा नव्हे, साडेपाच म्हणू. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, संप सुरू झाला. एकामागून एक राज्यातली अडीचशे आगारे थंडावली. त्याआधी 2020 च्या टाळेबंदीत हीच माणसे परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडून आली होती, मुंबईत बेस्टच्या मदतीलाही गेली होती, आणि त्यांचे पगार मात्र लांबत होते. कर्जापायी काहींनी जीव दिला, हे तेव्हा सर्वांनी वाचले. त्यांची मागणी अशी की महामंडळ सरकारात विलीन करा, आम्हाला सरकारी नोकरासारखा पगार द्या. सरकारने 24 नोव्हेंबर 2021 रोजी पगारवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना 5000, वीसपर्यंतच्यांना 4000, आणि त्यापुढच्यांना 2500. विलीनीकरण शक्य नाही, असे सरकारी समितीने सांगितले. संप चालूच राहिला. हजारोंना निलंबनाच्या, बडतर्फीच्या नोटिसा मिळाल्या. शेवटी एप्रिल 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 22 तारखेपर्यंत कामावर या असे सांगितले, आणि कोणाची नोकरी घालवू नका असे महामंडळालाही बजावले, तेव्हा लालपरी पुन्हा धावू लागली.

माझे मत विचाराल तर पगारवाढ मिळाल्यावर संप इतका ताणायला नको होता. त्या मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा होत्या. खेड्यातल्या मुलींनी मिळेल त्या टेम्पोने केंद्र गाठले. ज्यांच्या बापाला टेम्पोचे भाडे झेपले नाही त्यांचे काय झाले ते कोणी मोजले नाही. पुढाऱ्यांची भाषणे रोज होत होती, त्यांच्या मुली काही टेम्पोने परीक्षेला जात नव्हत्या. हे मी एसटीवाल्यांच्या घरच्या बायकांपाशीही बोलले आहे. त्यातल्या एकीने मला जे उत्तर दिले ते असे: “ताई, वीस वर्षं झाली आमच्या माणसाला. नव्याला पाच हजार आणि जुन्याला अडीच. कसं मागं फिरायचं?” मला त्यावर बोलता आले नाही. ती तेव्हा सकाळ-संध्याकाळ लोकांच्या घरी पोळ्या लाटीत होती. जुन्या-नव्यांतला हा फरक पुढे सप्टेंबर 2024 मध्ये, गणपतीच्या तोंडावर पुन्हा दोन दिवस संप झाला तेव्हा मिटला, आणि सर्वांची मूळ पगारातली वाढ एकूण 6500 अशी सारखी झाली. म्हणजे जे तीन वर्षांपूर्वी समजुतीने होण्यासारखे होते त्याला दुसरा संप लागला. वहिनींचा राग मला कळतो. पण पगाराची तारीख आणि पगाराचा आकडा नीट असता तर आपले हाल होण्याचा प्रसंगच कशाला आला असता?

हे झाले एसटीचे. आपला अर्ज आहे शहर बसचा. तो विषय निराळा वाटतो, पण नाही. या गावात वर्षानुवर्षे शहर बस एसटीच चालवीत असे. मध्ये खाजगी माणसाकडे देऊन पाहिले, ते टिकले नाही. 23 डिसेंबर 2018 रोजी स्मार्ट सिटीच्या नव्या बसचे उद्घाटन झाले, टप्प्याटप्प्याने 100 गाड्या आल्या, आणि त्यांवरही चालक-वाहक एसटीकडूनच घेतलेले होते. म्हणून 2021 च्या संपात शहर बसही थांबली. ज्या बायका मुकुंदवाडीहून सिडकोत किंवा समर्थनगरात धुण्याभांड्याला येतात त्या पायी आल्या किंवा आल्याच नाहीत. तेव्हा युनियनचे भांडण आपल्या मोरीतल्या भांड्यांपर्यंत कसे पोहोचते हे काकूंनी त्या हिवाळ्यात पाहिले आहे.

आपले गाव किती वाढले आहे याचाही विचार करा. 1961 च्या जनगणनेत येथे लाखाच्या आत वस्ती होती. चिकलठाण्याला कारखाने आले, मग 1985 पासून वाळूजला बजाजची गाडी निघू लागली, सिडकोने घरे बांधली, पुढे शेंद्रा, आणि आता बिडकीन. 2011 च्या जनगणनेत शहर 11 लाख 75 हजारांवर गेले. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने शहर बससाठी एक माप ठरवलेले आहे. दर हजार माणसांमागे 0.6 बस असेल तर सेवा चांगली समजावी. मी वहीत गुणाकार केला. 2011 च्या वस्तीलाच 705 बस लागतात. आल्या होत्या 100. पंधरा माणसांच्या घरात दोन वाट्या पिठाच्या पोळ्या कराव्यात तसे हे झाले.

मग माणसे जातात कशी? ज्यांची नोकरी पक्की त्यांना कंपनीची बस न्यायला येते. कंत्राटी पोरांनी आपले आपण पोहोचायचे. ती हप्त्याची मोटारसायकल घेतात, नाहीतर बाबा पेट्रोलपंपापासून शेअर रिक्षात मांडीवर मांडी ठेवून पंढरपूर, रांजणगावपर्यंत जातात. रिक्षावाल्यालाही मी दोष देत नाही, त्याचाही हप्ता असतो. पण पगाराच्या दिवशी हातात आलेल्या पैशातला जो घास येण्याजाण्यातच जातो, तो कोणत्या पगारपत्रकात दिसत नाही. घरातल्या बाईच्या वहीत दिसतो.

दुकानांत काम करणाऱ्या मुलींचे आणखी वेगळे. दुकाने-आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्याने बायकांना रात्री साडेनऊपर्यंत कामावर ठेवता येते. त्यापुढे ठेवायचे तर तिची संमती घ्यावी लागते, आणि घरी पोहोचवण्याची सोय करावी लागते. छान झाले. पण साडेनऊला शटर ओढून गुलमंडीतून निघालेल्या मुलीने हर्सूलला किंवा सातारा परिसरात जावे कसे? साडेनऊपर्यंतची सोय कोणी करायची ते कोणी लिहिलेले नाही. म्हणून आपले तिसरे कलम साडेनऊनंतरच्या बसचे आहे. आणि तिसरे कलम चौथ्यावाचून लंगडे आहे. रात्री साडेनऊनंतर बस चालवायची तर ती कोणी तरी माणूस चालवणार, आणि त्यालाही मग घरी जायचे आहे. त्याचे तास मोजले जातात की नाही हे न पाहता आपण बस मागितली, तर पहाटेपासून राबलेल्याच माणसाला रात्री पुन्हा चाकावर बसवतील, आणि त्याच बसमध्ये आपल्या मुली असतील.

हे मी भीती घालण्यासाठी म्हणत नाही. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला बेस्टसाठी भाड्याने घेतलेली विजेवरची बस भर गर्दीत शिरली, कितीतरी माणसे गेली. त्या चालकाला तशा बसचे शिक्षण किती मिळाले होते, हा प्रश्न त्यानंतर सगळीकडे विचारला गेला. आधी विचारायचा प्रश्न नंतर विचारला गेला. या भाड्याच्या व्यवस्थेत गाडी आणि चालक कंपनीचे, वाहक सरकारी संस्थेचा. एका गाडीत दोन माणसे, दोघांचे मालक निराळे, पगार निराळे, आणि कंपनीला पैसे मिळतात किलोमीटरवर. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईतल्या अशाच भाड्याच्या बसवरच्या चालकांनी आठवडाभर काम बंद ठेवले होते. सगळे ठेकेदार वाईट असतात असे मी म्हणणार नाही. पण ठेका कमी दरात मिळवायचा तर काटकसर कुठे करतात? डिझेलची किंवा विजेची करता येत नाही.

माझे धाकटे दीर अशाच एका ठेक्याच्या बसवर होते. कुठल्या गावी, कोणाकडे, ते सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. दोन वर्षे त्यांनी तीच एक बस चालवली. थांब्यावरच्या बायका त्यांना नावाने ओळखत, शाळेची मुले “काका, थांबा” म्हणून धावत येत. पाठीचे दुखणे सुरू झाले, महिनाभर घरी राहिले, आणि परत गेले तेव्हा ठेकाच बदललेला. नवा म्हणाला, “तुम्ही आमच्याकडे नव्हतात.” जुना म्हणाला, “आमचे काम संपले.” फंड दरमहा कापलेला होता, पुस्तकात मात्र चार महिन्यांचाच जमा. नेमणुकीचे पत्र मागितले तर ते कधी दिलेलेच नव्हते. दोन वर्षे सगळ्या गावाने ज्याला चाकावर बसलेले पाहिले, तो एकाही कागदावर चालक नव्हता. आमच्या जाऊबाईंनी तेव्हा गळ्यातले मोडले. पगाराची चिठ्ठी हा शब्द चौथ्या कलमात मी त्या दिवसापासून मनात धरून होते.

आणि ही काही महापालिकेकडे भीक नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्यासाठी काम चालले आहे त्या मूळ मालकाने ती द्यावी, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात आले, आणि नव्या संहितेतही ते ठेवलेले आहे. मंडळात येणाऱ्या एका वकीलबाईंनी मला ते दाखवून दिले, मी वाचून वहीत उतरवून घेतले. बसवर नाव शहराचे असेल तर जबाबदारीही शहराची, एवढाच त्याचा अर्थ.

“हे सगळे घातले तर तिकीट वाढेल,” असे आपल्या खजिनदारबाई म्हणाल्या. खजिनदाराने असेच बोलले पाहिजे. पण तिकीट तर वाढतेच आहे. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचे भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले, आणि त्याच्या दोन-अडीच महिन्यांनी तो 56 टक्क्यांचा पगार झाला. म्हणजे तिकीट वाढल्याने पगार होतो असे नाही. महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींवर गेल्याचे 2025 सालच्या श्वेतपत्रिकेत सरकारनेच सांगितले. दुसरीकडे कित्येक वर्षे एसटीच्या तिकिटातून सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने उशिरा द्यायचे, आणि मधल्यावर आतबट्ट्याचा शिक्का मारायचा. सून घरात आणताना हुंडा घ्यायचा आणि वर म्हणायचे की हिच्यावर फार खर्च होतो, त्यातली ही गोष्ट. रस्ता, पूल, रस्त्यावरचा दिवा यांतून सरकारला फायदा होत नाही म्हणून कोणी ते बंद करत नाही. बसही तशीच आहे, असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी चहाच्या वेळी जरूर भांडावे.

काकूंना आता इतकेच सांगते की पगार बघायला युनियन आहे हे खरे, पण ठेक्यावरच्या पोरांना पुष्कळदा युनियनही नसते. आणि युनियनने मागितले की सरकार म्हणते, हे संपवाले. आपण मागितले तर असे म्हणता येणार नाही. आपण तिकीट काढणाऱ्या.

अर्ज मी स्वच्छ अक्षरात उतरवून आणला आहे. चारही कलमे त्यात आहेत. चौथ्याखाली वेगळी जागा ठेवली आहे, म्हणजे ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी पहिल्या तिघांखालीच सही करावी, कोणी रागावणार नाही. सही करताना प्रत्येकीने आपण कोणत्या थांब्यावर चढतो आणि किती वाजता, तेही लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून देईन. हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी कागद आणि पेन ठेवले आहे. सोमवारी अकरा वाजता आम्ही पाच जणी महापालिकेत जाणार आहोत. बसनेच जाऊ, ज्यांना यायचे असेल त्यांनी सव्वादहाला थांब्यावर यावे.